घडीच्या चाकूची मूठ

गेल्या जुलैत राजमाचीच्या वाटेवर काकडी कापायला खिशातला घडीचा चाकू काढला आणि पातं उघडेचना. गावच्या बाजारात घेतलेला, लाकडी मुठीचा, बरीच वर्षं वापरातला चाकू. पात्यावरच्या खाचेत नख अडकवून ओढलं, नख दुखावलं, पातं जागचं हललं नाही. काकडी गुडघ्यावर मोडून खाल्ली. घरी आल्यावर चाकू फ्रिजमागच्या उबेला ठेवला, तेव्हा तीन दिवसांनी पातं आपसूक सैल झालं. गंजाचा ठिपकाही नव्हता. लाकूड पाणी प्यायलं होतं, एवढंच.

साध्या सुरीची मूठ ही फक्त मूठ असते. घडीच्या चाकूत तीच पात्याचं म्यान असते आणि बिजागरीचं घरही. हाताला ती भरीव, किंचित खरखरीत, उबदार हवी. म्यान म्हणून आत ओल धरून न ठेवणारी हवी. आणि बिजागरीसाठी कोणत्याही ऋतूत केसभरही न हलणारी. एकाच पदार्थाकडून हे सगळं मागायचं, हीच या चाकूची खरी अडचण. आपला अडकित्ता कोकणातल्या पावसातही अडकत नाही, कारण त्याच्या खिळ्यापाशी धातूला धातूच भिडलेला असतो.

लाकडाचं वागणं समजून घ्यायला फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल चाकू फार चांगला. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये घडवला. बीच या युरोपातल्या झाडाच्या लाकडाचा एकच दांडा, त्यात करवतीने पाडलेली फट, आरपार एक खिळा आणि बिजागरीभोवती पोलादी कडं. १९५५ मध्ये त्यावर फिरणारं दुसरं कडं आलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं मिटत नाही. इतक्या थोड्या भागांत इतका कामाचा चाकू दुसरा मला माहीत नाही.

लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या लांब तंतूंच्या असतात. हवेतली वाफ या तंतूंच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. तंतू खोडाच्या उभ्या दिशेने असतात, म्हणून लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, फुगतं ते आडवं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं. भर पावसाळ्यात ते १८ च्या पुढे जातं. बीचसारखं लाकूड तेवढ्यात आडव्या अंगाने दोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. बिजागरीपाशी गालाची, म्हणजे पात्याच्या एका बाजूच्या लाकडाची, जाडी ६ मिलिमीटर धरली तर ही वाढ ०.१२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदापेक्षा किंचित जास्त. बाहेरून पोलादी कड्याने आवळलेलं असल्यामुळे लाकडाला बाहेरच्या बाजूला जागाच नसते. ते आत सरकतं आणि पात्याला दोन्हीकडून दाबतं. पातं अडकायला एवढं पुरतं. साव्हॉयच्या लोकांनी त्यावर हातचा उपाय काढलाय: मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर टकटक आपटायचं, की पात्याचं टोक फटीतून वर येतं. सागवान याच हवेत बीचच्या निम्म्याच्या आसपास फुगतं. आपल्या सुतारांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

स्विस सैन्याच्या चाकूची गोष्ट याच वाटेने गेली. १८९० च्या नमुन्याला ओकची काळपट मूठ होती. १९०८ मध्ये लाकूड जाऊन दाबून घट्ट केलेलं फायबर आलं, १९६१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, आणि २००८ च्या नमुन्यात प्लास्टिक, तेही पकडीला मऊ पट्ट्या असलेलं.

अ‍ॅल्युमिनियम फुगत नाही, हलकंही असतं. पण हिवाळ्यातल्या पहाटे ते हातात घ्या. लाकूड आणि धातू एकाच तापमानाला असतात, तरी धातू गार लागतो, कारण तो हाताची ऊब वेगाने ओढून नेतो. चाकूसाठीचं अ‍ॅल्युमिनियम लाकडापेक्षा साधारण हजारपट वेगाने उष्णता वाहतं. टायटॅनियमच्या मिश्रधातूत हा आकडा चाळीसपटीच्या घरात आहे, म्हणून टायटॅनियमची मूठ तितकी बोचत नाही. ओल्या हातातून मात्र दोन्ही गुळगुळीत मुठी सटकतात, आणि माझ्या मते मुठीचा याहून मोठा दोष नाही.

एके काळी इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेन या चाकूंच्या शहरांतले कारागीर मुठींसाठी भारतातली सांबराची शिंगं मागवत. खडबडीत, पकडायला उत्तम. आता आपल्याकडे त्या व्यापारावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

माझी निवड मायकार्टा. कापडाचे किंवा कागदाचे थर बेकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकच्या जातीच्या राळेत भिजवून, तापवून दाबले की तो तयार होतो. पॉलिश न केलेल्या कापडी मायकार्टावर बोट फिरवलं तर जाडसर कॅनव्हासचा पोत लागतो. पृष्ठभागावर सुताची टोकं उघडी असतात, ती ओल्या तळव्याला धरून ठेवतात. वर्षभर वापरलं की अंगठ्याच्या जागी रंग गडद होतो. याचंच काचेच्या कापडाचं आणि इपॉक्सी या दुसऱ्या राळेचं भावंड म्हणजे जी-टेन. मोबाइल किंवा रेडिओतल्या हिरव्या सर्किट बोर्डाची पाटी त्याच कुळातली. ताकदीला ते वरचढ, पण घरी घासायचं असेल तर मास्क लावा आणि पाणी मारून घासा. ती धूळ काचेची असते, फुप्फुसात जाता कामा नये.

तर मी चाकू करायला बसलो, तर बिजागरी मुठीच्या पदार्थावर सोडणारच नाही. आत पोलादाच्या दोन पातळ पट्ट्या, खिळा त्यांच्यात, पात्याच्या दोन्ही अंगांना कांस्याच्या चकत्या. मायकार्टाचे गाल फक्त बाहेरून स्क्रूने बसवलेले, म्हणजे हाताचं काम हाताजवळ आणि बिजागरीचं पोलादाजवळ. पाठ उघडी, म्हणजे आंब्याचा रस आत राहिला तर नळाखाली धुऊन निघेल. पातं ८ सेंटिमीटर, मूठ ११, चारही बोटं मावतील एवढी. आणि पात्याला कुलूप हवंच. धारेने दाबून कापताना पातं उघडण्याकडेच रेटलं जातं, पण टोक रुतवून कुठे अडकलं की ते मिटतं, आणि त्याच्या वाटेत आपली बोटं असतात.

खिळ्याला तेल शिवणयंत्राचं घाला. घरात हाताशी खोबरेल असतं, पण ते २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि डिसेंबरात नाशिकला सकाळी सात वाजता पातं पुन्हा जड होतं.