व्यवसायजन्य रक्तविषाक्तता

कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या रसायनांमुळे रक्त, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा आणि त्यांच्याशी निगडित चयापचय यांत होणारा बिघाड. बेंझीन, शिसे, ॲनिलीन, नायट्रोबेंझीन, आर्सिन आणि कार्बन मोनॉक्साइड ही त्यातली जुनी व नीट अभ्यासलेली नावे. ही द्रव्ये बहुतेक श्वासावाटे शरीरात जातात. ॲनिलीनसारखा तेलकट द्रव मात्र न फाटलेल्या, निरोगी कातडीतूनही सहज आत शिरतो.

रक्त आणि चयापचय यांची चर्चा बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत होते. येथे ती एकत्र केली आहे, कारण यातली बरीच रसायने मूळ रूपात फारशी घातक नसतात. यकृत त्यांचे रूपांतर करते आणि त्यातून निघालेला पदार्थ रक्ताला बाधतो.

बेंझीन : हे मायकेल फॅराडे यांनी १८२५ मध्ये वेगळे केले. त्याची रक्तबाधा प्रथम कोणी ओळखली याचा निर्वाळा देणे अवघड आहे. स्वीडनमधील सांतेसॉन यांनी १८९७ मध्ये सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातील तरुण कामगार स्त्रियांचे मृत्यू वर्णिले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल न्वार व क्लोद यांनी कातडीखाली रक्त साकळलेल्या एका रुग्णाची नोंद केली. मान सांतेसॉन यांना देणे अधिक योग्य दिसते. एकाच कामावरच्या अनेक रुग्णांत एकच चित्र दिसल्यामुळे कारण कामातच आहे हे त्यांच्या नोंदीतून ठळक होते. रक्ताच्या कर्करोगाशी बेंझीनचा संबंध जोडणारी पहिली नोंद साधारणपणे १९२८ची, दलोर व बोर्गोमानो यांची मानली जाते. तरी हा संबंध ठामपणे स्वीकारला जाण्यास आणखी जवळजवळ अर्धशतक लागले. इस्तंबूलमध्ये बेंझीनयुक्त गोंद वापरणाऱ्या चर्मकामगारांवर मुझफ्फर अक्सोय यांनी केलेल्या कामाचा त्यात मोठा वाटा आहे.

बेंझीन अस्थिमज्जेला नेमके कसे बाधते, यावर अजून मतभेद आहेत. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० २ई१ हे विकर (एन्झाइम) बेंझीनचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून फिनॉल, हायड्रोक्विनोन, कॅटेकॉल व म्युकोनाल्डिहाइड तयार होतात. हायड्रोक्विनोन रक्तावाटे मज्जेत पोहोचले की तेथील मायलोपेरॉक्सिडेज त्याचे बेंझोक्विनोन बनवते. जंतूंशी लढण्यासाठी असलेले हे विकर येथे मज्जेवरच उलटते. उंदरांना फिनॉल व हायड्रोक्विनोन एकत्र दिल्यास मज्जेची हानी कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे एकच द्रव्य दोषी धरण्यापेक्षा अनेक द्रव्यांची संयुक्त क्रिया मानणारा पक्ष सध्या सबळ वाटतो. बेंझोक्विनोन निष्प्रभ करणारे एनक्यूओ-१ हे विकर काही माणसांत जन्मतःच निष्क्रिय असते. एकाच बाकावर, एकाच हवेत काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच पांढऱ्या कोशिका का घटतात, याचे अंशतः तरी स्पष्टीकरण त्यात मिळते.

मर्यादेचा वाद याच्याशीच जोडलेला आहे. अमेरिकेत हवेतील बेंझीनची मर्यादा दहा लाख भागांत १० भागांवरून १ भागावर आणण्याचा १९७८चा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला. तीच मर्यादा १९८७ मध्ये पुन्हा लागू झाली. पुढे तिआनजिन येथील पादत्राण कारखान्यांतल्या २५० कामगारांच्या तपासणीत (२००४) १ भागापेक्षा कमी पातळीवरही पांढऱ्या कोशिका व बिंबाणू (रक्त गोठवणारे प्लेटलेट) घटलेले आढळले. इतर काही पाहण्यांत एवढ्या कमी पातळीवर परिणाम दिसलेला नाही. तरीही १ भाग ही सुरक्षिततेची रेषा समजणे धाडसाचे ठरेल.

शिसे : शिसे हीमच्या, म्हणजे हीमोग्लोबिनमधील लोहयुक्त भागाच्या, निर्मितीतील दोन पायऱ्या अडवते. डेल्टा-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल डिहायड्रेटेज हे विकर मंदावते आणि शेवटच्या पायरीवर प्रोटोपॉर्फिरिन या हीमच्या पूर्वरूपात लोहाऐवजी जस्त बसते. रक्तातील शिसे डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतानाच पहिले विकर दबू लागते. प्रौढांत हीमोग्लोबिन उतरायला मात्र साधारण ५० मायक्रोग्रॅम लागतात. या मधल्या पट्ट्यातल्या कामगाराच्या हाती ‘रक्त चांगले आहे’ असा अहवाल पडतो, ही या विषयातली सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. बाधा वाढल्यावर रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला, तर काही तांबड्या कोशिकांत निळसर बारीक ठिपके शिंपडल्यासारखे दिसतात. हे ठिपके म्हणजे न विघटलेल्या आरएनएचे अवशेष. शरीरातील बहुतेक शिसे हाडांत साठते आणि काम सोडल्यावरही वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते.

ॲनिलीन व नायट्रो संयुगे : यकृतात ॲनिलीनपासून फेनिलहायड्रॉक्सिलअमाइन बनते. ते तांबड्या कोशिकेत हीमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करते, स्वतः पूर्ववत होते आणि तेच पुन्हा करते. अशा ऑक्सिडीकृत हीमोग्लोबिनचे, म्हणजे मेथेमोग्लोबिनचे, प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर गेले की ओठ व नखे निळसर पडतात. रक्त चॉकलेटी दिसते. टिपकागदावर थेंब टाकून हवेत धरला तरी लाल होत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिजनमापक ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहते, त्यावर विसंबू नये. मिथिलीन ब्लू हा उतारा आहे, पण जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्यांत त्यानेच रक्तविलयन (तांबड्या कोशिका फुटणे) होऊ शकते.

आर्सिन : आर्सेनिक असलेल्या धातूवर आम्ल पडले की हा वायू निघतो. तो थेट तांबड्या कोशिका फोडतो. काही तासांत पोटदुखी व लालकाळी लघवी आणि पाठोपाठ कावीळ दिसते.

कार्बन मोनॉक्साइड : हीमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक असते. रंग खरवडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिथिलीन क्लोराइडपासून यकृतही हाच वायू तयार करते. त्यामुळे कामगार मोकळ्या हवेत आल्यावरही काही तास त्याच्या रक्तातले कार्बन मोनॉक्साइड वाढत राहते.

चयापचयावरील इतर परिणाम : डायनायट्रोफिनॉल पेशींतील ऊर्जानिर्मितीची साखळी तोडते आणि ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. त्यामुळेच पहिल्या महायुद्धात ते हाताळणाऱ्या फ्रान्समधील दारूगोळा कामगारांत ताप, घाम व वजनघट दिसली. कार्बन डायसल्फाइडमुळे हृदयविकार वाढतो. व्हिनिल क्लोराइडच्या जुन्या संपर्कात मद्यपान न करणाऱ्यांतही यकृतात चरबी साठलेली आढळली आहे. आर्सेनिक व मधुमेह यांचा संबंध कामावरील संपर्कापेक्षा दूषित पाण्याच्या बाबतीत अधिक स्पष्ट आहे.

तपासणी : रक्तगणनेची तुलना छापील सामान्य मर्यादेशी करून भागत नाही, कामावर रुजू होतानाच्या त्याच व्यक्तीच्या गणनेशी ती करावी लागते. बेंझीनसाठी त्यापासून शरीरात बनणारे म्युकोनिक आम्ल लघवीत मोजतात, परंतु अन्न टिकवण्यासाठी घातलेल्या सॉर्बिक आम्लापासूनही ते बनते. म्हणून कमी संपर्कात बेंझीनपासूनच बनणारे फेनिलमरकॅप्ट्युरिक आम्ल अधिक विश्वसनीय. नमुना पाळी संपताना घ्यावा. सुट्टीनंतर कामावर येताना घेतलेल्या नमुन्यात यातले जवळजवळ काहीच उरलेले नसते.