स्टॉकहोमची खाद्यफेरी: तुमच्यापुरती, तुमच्या चालीने

नमस्कार. तुम्ही आमच्या खाद्यफेरीची चौकशी केलीत, म्हणून हे माहितीपत्रक पाठवत आहोत. नाव नोंदवण्याआधी ते घरातल्या सगळ्यांनी वाचावं अशी विनंती. ज्यांचं काही पथ्य आहे त्यांनी तर नक्कीच.

आमच्याकडे येणारी बरीच मंडळी इथे नोकरीला असलेल्या मुलांचे आईवडील असतात. बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, आणि मनात एक समज पक्का: इथलं जेवण म्हणजे उकडलेला बटाटा आणि वर मीठ. पुण्याकडच्यांना स्वीडिश नावं तशी नवी नसतात. दापोडी-चिंचवडला आल्फा लावल, अ‍ॅटलास कॉपको, एसकेएफ ही नावं कारखान्यांच्या फाटकांवर त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेली असतात. कारखाने ओळखीचे, स्वयंपाकघर मात्र परकं. ते परकेपण एका दुपारी बरंचसं उतरतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

हा बेगमीचा स्वयंपाक आहे

कोकणातल्या माणसाला स्वीडिश जेवण एका शब्दात समजतं: आगोट. पाऊस लागायच्या आत सुकी मासळी, कोकम, लोणची, पापड, लाकूडफाटा घरात भरायचा, कारण पुढे होडी दर्यात जाणार नाही. इथे पावसाच्या जागी हिवाळा आहे आणि तो पावसाळ्यापेक्षा लांब असतो. शेताला आणि जंगलाला मिळतो तो थोडा उन्हाळा. तेवढ्यात जे हाती येईल ते खारवायचं, आंबवायचं, धुरी द्यायची, वाळवायचं, साखरेत मुरवायचं. इथल्या बहुतेक जुन्या चवी या बेगमीतून आल्या आहेत. हे मनात ठेवून चाखलं की हेरिंग या मुरवलेल्या माशाचा गोड-आंबटपणा खटकत नाही. जिभेला ते लोणचं आहे हे कळतं.

क्नेकेब्रोद ही राय धान्याची कडक, पातळ भाकरी घ्या. जुन्या पद्धतीच्या गोल भाकरीला मधोमध भोक असतं. पाणचक्क्या वसंतात आणि शरदात, ओढ्यांना पाणी असलं की चालायच्या. म्हणून वर्षातून दोनदा भट्टी पेटवून मोठा घाणा भाजायचा आणि भाकऱ्या काठीत ओवून आढ्याखाली टांगायच्या. लिंगॉन हे जंगलातलं लाल, आंबट फळ नुसत्या साखरेत घोटलं तरी महिनोन्महिने टिकतं, कारण त्यात बेंझोइक आम्ल मुळातच असतं. चव करवंदाच्या जवळची. जंगलातली अशी फळं आणि अळंबी कुणीही, दुसऱ्याच्या मालकीच्या रानातूनसुद्धा, तोडून आणू शकतो. या हक्काला इथे आलेमान्सरेत्तेन म्हणतात, आणि सप्टेंबरात सुट्टीच्या दिवशी टोपल्या घेऊन निघालेली कुटुंबं दिसतात ती त्यामुळेच.

फेरी कुठून कुठे जाते

सुरुवात होतोरियेत चौकात. नावाचा अर्थ गवतबाजार. पूर्वी इथे चारा विकला जायचा, आज भाजी, फळं, फुलं. आम्ही हंगामाचं काहीतरी लगेच हातात देतो: जूनमध्ये स्ट्रॉबेरी, ऑगस्टच्या पुढे पिवळी कांतारेल अळंबी. मग जिन्याने खाली बंदिस्त बाजारात. तिथून पंधरा-वीस मिनिटांत ओस्टरमाल्मचा सालुहाल. तांबड्या विटांची, आत लोखंडी खांबांची ही मंडई 1888 साली उघडली. मोठ्या दुरुस्तीनंतर 2020 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. लाकडात कोरलेल्या दुकानांमधून सावकाश फिरावं, अशीच ती आहे.

इथली एक रीत आधीच सांगतो. बऱ्याच गाळ्यांवर रांग नसते, यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची असते. नुसतं पुढे जाऊन उभं राहिलं तर कुणी रागावणार नाही, पण कुणी विचारणारही नाही. चिठ्ठी आम्ही घेतो. तोवर तुम्ही काचेआडचे मासे बघा.

सालुहालमध्ये आपण सिल, म्हणजे मुरवलेलं हेरिंग, नीट बसून खातो. घाईने खाल्लं तर ते कळत नाही, म्हणून या टप्प्याला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो. त्याचं प्रमाण इथल्या घराघरांत तोंडपाठ असतं: एक भाग तीव्र व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. त्यात कांदा, गाजर, तमालपत्र, ऑलस्पाइस, आणि मग एकदोन दिवस तसंच ठेवायचं. तुकडा बोटाच्या पेराएवढा, चंदेरी, मऊ. आधी कोमट बटाट्याचा घास, त्यावर सिल, वर आंबट साय आणि कांद्याची हिरवी पात, बाजूला क्नेकेब्रोदचा कुरकुरीत तुकडा. पहिल्या घासाला गोड लागतं, मग आंबट, आणि मासा शेवटी. मोहरीच्या सॉसमधलं सिल आपल्या लोकांना सहसा जास्त आवडतं. मोहरी फेसून केलेल्या लोणच्याची सवय असेल तर लगेच.

तिथेच ग्रावलाक्स. ‘ग्राव’ म्हणजे पुरलेलं. एके काळी मासा खरंच जमिनीत पुरत. आता रावस जातीचा वाटावा असा हा सॅमन मीठ, साखर आणि शेपूत मुरवतात. हो, शेपू! आपल्याकडे ज्या भाजीवरून घरात दोन तट पडतात, ती इथे मासा, बटाटा, काकडी सगळ्यांवर असते. शेपू न खाणाऱ्यांनी तसं कळवावं, पण एकदा इथल्या पद्धतीने चाखून बघावं असं आम्हाला मनापासून वाटतं. ग्रावलाक्स कच्चाच असतो, शिजवलेला नव्हे. गर्भवती स्त्रियांना आम्ही तो देत नाही, त्याऐवजी नीट शिजवलेला सॅमन देतो. गाबोळी आवडत असेल तर कालिक्सच्या लोयरोमचा एक चमचा मागून घ्या. उत्तरेकडच्या समुद्रातल्या छोट्या माशाची ही केशरी अंडी आहेत, आणि 2010 पासून त्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे.

मग पाण्याच्या कडेने गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. एक गल्ली इतकी अरुंद आहे की टोकाला जेमतेम 90 सेंटिमीटर उरते. खायचं इथे दोन ठिकाणी. आधी गरम जेवण, मग फीका, म्हणजे कॉफीची बैठक.

मांसाच्या गोळ्यांविषयी स्पष्ट

शोटबुल्लार, म्हणजे जगभर माहीत असलेले स्वीडिश मांसाचे गोळे, बहुतेक ठिकाणी गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र करून केलेले असतात. हे आम्ही ताटासमोर बसल्यावर नाही, आजच सांगतो. न खाणाऱ्यांसाठी आम्ही तळलेलं स्ट्रोमिंग ठेवतो. बाल्टिक समुद्रातलं हे छोटं हेरिंग रायच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. रव्यात घोळवलेल्या मासळीवर वाढलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गोळ्यांची कूळकथा मात्र सगळ्यांना सांगतो. स्वीडनचा बारावा चार्ल्स राजा 1709 साली पोल्ताव्हाच्या लढाईत रशियाकडून हरल्यावर काही वर्षं तुर्की सुलतानाच्या मुलखात राहिला, आणि गोळ्यांची कृती तिथून आली असं स्वीडननेच 2018 मध्ये आपल्या अधिकृत ट्विटर खात्यावरून जाहीर केलं. कोबीच्या पानात गुंडाळलेले कोलडोल्मार त्याच वाटेचे मानले जातात.

गुरुवारी आलात तर पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि त्यानंतर पातळ घावनासारखे पॅनकेक मिळतील. शुक्रवारच्या उपासाआधी पोटभर खायची ही कॅथलिक काळातली चाल. धर्म बदलला, वार राहिला.

शाकाहारी, जैन, अंडं न खाणारे

फेरी खासगी ठेवण्याचं मोठं कारण हेच. मोठ्या गटात वाटाड्या एकाच ताटाचा विचार करतो. आम्ही एका वेळी एकच कुटुंब किंवा एकच मित्रमंडळ घेतो, जास्तीत जास्त सहा जण, आणि प्रत्येकाचं ताट आदल्या दिवशी फोन करून ठरवतो.

आम्ही हे चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका आजींसाठी ‘मांस नसलेलं’ वाटाण्याचं सूप सांगितलं होतं. मांसाचे तुकडे नव्हते, पण पाणी हाडांच्या रश्श्याचं होतं, आणि ते आम्हाला दोन चमचे त्यांच्या पोटात गेल्यावर कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, वाटी बाजूला सरकवली. त्यांचा तो चेहरा आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी नावं घेऊन विचारतो: बुल्योंग, म्हणजे रस्सा कशाचा, जेलाटिन, म्हणजे गोड पदार्थात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं काही आहे का, आणि लोपे, म्हणजे चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलंय का. तुम्ही एकटे फिरतानाही हे तीन शब्द लिहून जवळ ठेवा. रंगीबेरंगी सुट्या गोळ्यांची दुकानं दिसतील, शनिवारी मुलांना गोळ्या ही इथली रीतच आहे, पण त्यातल्या बऱ्याच मऊ गोळ्यांत जेलाटिन असतं.

शाकाहारी ताटात असतं ते असं: क्नेकेब्रोद, लोणी, तपासून घेतलेलं चीज, सिलसारख्याच, पण वेगळ्या केलेल्या आंबट-गोड पाण्यात मुरवलेली वांगी किंवा अळंबी, लोण्यात परतलेलं कांतारेल लावलेला टोस्ट, भाजीच्या रश्श्यातलं वाटाण्याचं सूप, आणि राग्मुंक, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत धिरडं, वर लिंगॉन. हे ताट मांसाहारी ताटापेक्षा कमी नाही, आणि बेगमीची गोष्ट ते तितकीच नीट सांगतं.

जैन पाहुण्यांना मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. हा बटाटा, कांदा, बीट, गाजर यांचा मुलूख आहे. कंदमुळं वगळली तर तीन टप्प्यांपैकी एक जवळजवळ रिकामा राहतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी, छोटी आणि कमी दराची फेरी आहे. अंडं न खाणाऱ्यांनी नक्की कळवा: इथल्या बनांवर भाजण्याआधी अंडं फासतात. बिनअंड्याचे बन मिळतात, फक्त ते आधी सांगावे लागतात.

फीका आणि वेलची

फीका म्हणजे कामधाम थांबवून कॉफी, सोबत काही गोड, आणि गप्पा. आपल्या कानाला ‘फिका’ ऐकू येतं, पण चव गडद असते. 1756 पासून पुढे या देशाने कॉफीवर अनेकदा बंदी घातली, आणि तरी आज जगातल्या सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्यांत हे लोक आहेत.

इथे आपण काडेमुम्माबुल्ले, म्हणजे वेलचीचा बन, घेतो. कणीक पट्ट्यांत कापून, पीळ देऊन, गाठ मारलेली. वर साखर आणि वेलची. एकदा एका काकूंनी बन मधोमध उघडला, आतला काळा दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, “ही दळलेली नाही, कुटलेली आहे.” अगदी बरोबर. आपण श्रीखंडात घालतो तशी वस्त्रगाळ पूड इथे चालत नाही, दाणा चावता यायला हवा. दक्षिण सह्याद्रीच्या जंगलातला हा मसाला इतक्या दूरच्या थंडीत रोजच्या भाकरी-तुकड्यात बसला आहे, आणि ते स्वतःच्या दाताखाली कळणं हा आमच्या फेरीचा आमचा आवडता क्षण आहे.

हिंमत असेल त्यांच्यासाठी खारी लाक्रित्स. लाक्रित्स म्हणजे आपलं ज्येष्ठमध, आणि ‘खारं’ म्हणजे मीठ नव्हे, नवसागर, कल्हईवाला वापरायचा तोच. एक गोळी पुरे. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी मोह टाळावा, कारण ज्येष्ठमधाने दाब वाढू शकतो.

सूरस्ट्रोमिंग, ते फुगलेल्या डब्यातलं आंबवलेलं हेरिंग, आम्ही देत नाही. ते ऑगस्टमध्ये मोकळ्या हवेत, जाणत्या घरच्या माणसांसोबत खायचं असतं.

कधी यावं

जानेवारीपासून ईस्टरपर्यंत सेम्ला मिळतो: वेलचीचा बन, आत बदामाचं सारण, वर फेटलेली साय. 12 फेब्रुवारी 1771 ला अडॉल्फ फ्रेडरिक राजाचं निधन झालं ते भरपेट जेवणावर गरम दुधातले असेच बन खाल्ल्यावर, म्हणून आम्ही एकच देतो. ऑगस्टमध्ये शेपूच्या पाण्यात उकडलेले क्रेफिश, म्हणजे नदीतले झिंगे. 4 ऑक्टोबर दालचिनीच्या बनचा दिवस. डिसेंबरात, 13 तारखेच्या लुसिया सणाच्या आसपास, केशर घातलेले पिवळेधमक लुसेकाट. जूनच्या 19 ते 25 मधल्या शुक्रवारी मिडसमर हा भर उन्हाळ्यातला सण असतो आणि शहर ओस पडतं. जुलैत कितीतरी छोटी उपाहारगृहं सुट्टीवर असतात. रविवारी सालुहाल बंद, म्हणून आम्हीही बंद.

दोन-चार कामाच्या गोष्टी

फेरी साडेतीन तासांची, चाल साधारण तीन किलोमीटर, बसायला चार ठिकाणं. गामला स्तानमध्ये दगडी फरसबंदी आहे, तिथे चपला नकोत. गुडघ्यांचा त्रास असेल तर मधला पल्ला मेट्रोने करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दर माणशी नसून फेरीमागे आहे आणि त्यात सगळं खाणं आलं, दारू नाही. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटली विकत घेऊ नका. रोख पैसे इथे बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, कार्ड ठेवा. सकाळी हलका नाश्ता करून या, उपाशी नको. मधुमेहींनी औषधाच्या वेळा कळवाव्यात, थांबे त्यानुसार पुढे-मागे करतो. चार दिवस आधी कळवलंत तर फेरी रद्द केल्याचे पैसे कापत नाही. आजारपण असेल तर आदल्या दिवशीही नाही.

जेवून उठताना वाढणाऱ्याला “ताक फोर मातेन” म्हणायचं, जेवणाबद्दल आभार. लहान मुलंसुद्धा घरी आईला हेच म्हणतात. तेवढे तीन शब्द आम्ही तुमच्याकडून वाटेत पाठ करून घेऊ.

भेटायची जागा: होतोरियेत चौकातला निळा कॉन्सर्टहूस, म्हणजे संगीत सभागृह, जिथे दर 10 डिसेंबरला नोबेल पारितोषिकं देतात. समोर ऑर्फियसचं कारंजं आहे. आम्ही त्याच्या पायऱ्यांकडच्या बाजूला, हातात लाल कापडी पिशवी घेऊन, दहा मिनिटं आधीपासून उभे असतो.