रक्तवाहिनीशोथातील ड जीवनसत्त्वन्यूनता

रक्तवाहिन्यांच्या भित्तींना प्रतिरक्षेच्या बिघाडामुळे शोथ (दाहयुक्त सूज) येणाऱ्या विकारांत (व्हॅस्क्युलायटिस) ड जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी वारंवार कमी आढळते. बृहत्कोशिका रोहिणीशोथ (जायंट सेल आर्टेरायटिस), ताकायासू रोहिणीशोथ, बेहचेट रोग आणि अँका (स्वतःच्याच श्वेत कोशिकांविरुद्धच्या) प्रतिपिंडांशी निगडित लहान वाहिन्यांचे विकार यांचा या संदर्भात प्रामुख्याने विचार होतो.

मापन : २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व मोजतात. त्याचा अर्धायुकाल दोन ते तीन आठवडे असल्याने शरीरातील साठा त्यावरून कळतो. १,२५-डायहायड्रॉक्सी हे क्रियाशील रूप काही तासच टिकते. शिवाय साठा घटला की परावटू संप्रेरक (पॅराथायरॉइड हॉर्मोन) वाढून ते रूप नेहमीइतके, प्रसंगी जास्तही राहते; म्हणून न्यूनता ठरवण्यासाठी ती तपासणी मागवणे चूक. दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा (लिटरमागे ५० नॅनोमोल) कमी पातळीस न्यूनता म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये २१ ते २९ हा पट्टा ‘अपुरा’ ठरवला होता. २०२४ च्या मार्गदर्शिकेत तिनेच हे उंबरठे सोडून दिले. काही प्रतिरक्षामापन (प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजणारे) संच ड२ हे वनस्पतिज रूप कमी मोजतात, त्यामुळे ड२ घेणाऱ्याचा आकडा फसवा निघू शकतो.

कारण की परिणाम : न्यूनतेमुळे रोग होतो की रोगामुळे न्यूनता, हा या विषयातील खरा वाद आहे. महाभक्षी, शाखी व टी या प्रतिरक्षा कोशिकांत ड जीवनसत्त्वाचे ग्राही (रिसेप्टर) असतात. क्रियाशील रूप टी-साहाय्यक १ आणि १७ या शोथ वाढवणाऱ्या कोशिकांच्या वाटांना आवर घालते व शोथ आवरणाऱ्या नियामक टी कोशिकांना बळ देते. बृहत्कोशिका रोहिणीशोथात नेमक्या याच दोन वाटा चेतलेल्या असतात. हा रोग उत्तर युरोपात अधिक आढळतो, याची जोडही काही अभ्यासक उन्हाच्या कमतरतेशी लावतात. मात्र तेथील आनुवंशिकता बाजूला काढणे अवघड असल्याने हा पुरावा दुबळाच म्हणावा लागतो. व्हायटल या चाचणीत (२०२२) ५० वर्षांवरील २५,८७१ व्यक्तींपैकी रोज २,००० एकक (आंतरराष्ट्रीय एकक) ड३ घेणाऱ्यांत सुमारे पाच वर्षांत स्वप्रतिरक्षा विकार २२ टक्क्यांनी कमी आढळले. पण हा आकडा सर्व स्वप्रतिरक्षा विकार एकत्र धरून काढलेला आहे. एकट्या रक्तवाहिनीशोथाला तो लावता येत नाही.

रोगामुळेच पातळी उतरते, ही उलट बाजू अधिक भक्कम दिसते. तीव्र शोथात, उदाहरणार्थ मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, सी-प्रतिक्रियी प्रथिन (शोथाचा निदर्शक, सीआरपी) चढते तशी २५-हायड्रॉक्सीची पातळी एकदोन दिवसांतच उतरते. एवढ्या अवधीत साठा संपणे शक्य नाही. वृक्क (मूत्रपिंड) बाधित असल्यास ड-वाहक प्रथिन लघवीवाटे जाते. उपचारातील कॉर्टिकोस्टेरॉइडे जीवनसत्त्वाचे विघटन वाढवतात, असे मानले जाते. आजारी माणूस उन्हात जात नाही, हे साधे कारणही विसरता कामा नये. यामुळे रोग भडकलेला असताना मिळालेल्या कमी आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. शोथ उतरल्यावर तपासणी पुन्हा करणे इष्ट.

लक्षणे : बहुधा नसतात. तीव्र न्यूनतेत अस्थिमार्दव (हाडे मऊ पडणे) होऊन हाडे दुखतात, खांदे व मांड्यांचे स्नायू दुबळे होतात. हेच चित्र बहुस्नायू संधिवेदना (पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिका) आणि स्टेरॉइडजन्य स्नायुविकार यांतही दिसते. रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडे व यकृतातील विकर) वाढलेले व फॉस्फेट उतरलेले असेल तर अस्थिमार्दवाकडे झुकावे. मात्र बृहत्कोशिका रोहिणीशोथात यकृतामुळेही अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते, म्हणून त्या एकाच आकड्यावर विसंबू नये.

उपचार : रोगशमनासाठी ड जीवनसत्त्व देण्यास पुरेसा आधार नाही, हाडांसाठी मात्र आहे. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर दिवसाला आहारासह १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० ते ८०० एकक (१५ ते २० मायक्रोग्रॅम) ड जीवनसत्त्व सुचवतात. न्यूनता असल्यास आठवड्याला ५०,००० एकक, आठ आठवडे, नंतर रोजची मात्रा, ही रूढ पद्धत आहे. गोळी स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत घ्यावी. स्थूल व्यक्तींना दुप्पट-तिप्पट मात्रा लागते. फेरतपासणी तीन महिन्यांनी. त्याआधीची पातळी स्थिरावलेली नसते. झोलेड्रोनेट किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी औषधे देण्यापूर्वी न्यूनता भरून काढणे आवश्यक, अन्यथा रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरते. वृक्क निकामी झाल्यास अल्फाकॅल्सिडॉल वा कॅल्सिट्रिऑल ही ड जीवनसत्त्वाची क्रियाशील वा जवळपास क्रियाशील रूपे वापरतात. त्यांचा परिणाम २५-हायड्रॉक्सीच्या तपासणीत दिसत नाही, तेव्हा कॅल्शियमवरच नजर ठेवावी लागते.

अतिमात्रा : तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण व मुतखडा ही रक्तातील कॅल्शियम वाढल्याची लक्षणे होत. कणिकार्बुदे (ग्रॅन्युलोमा, म्हणजे प्रतिरक्षा कोशिकांच्या गाठी) असलेल्या विकारांत महाभक्षी कोशिका वृक्काला न जुमानता क्रियाशील रूप बनवू शकतात. सारकॉइडोसिसमध्ये हे सुपरिचित आहे, कणिकार्बुदी पॉलिअँजायटिस या अँका-निगडित विकारात क्वचित घडते. अशा रुग्णात कॅल्शियम न पाहता मोठी मात्रा देऊ नये. वर्षातून एकदाच ५,००,००० एकक देण्याच्या एका चाचणीत (२०१०) वृद्ध स्त्रियांमध्ये पडणे व अस्थिभंग उलट वाढले होते.