लॅटिन व्याकरण : प्राथमिक परिचय

लॅटिन ही इंडो-युरोपीय कुळाच्या इटालिक शाखेतली भाषा. मुळात इटलीतल्या लॅटिअम प्रदेशाची, पुढे रोमन साम्राज्याची. साम्राज्य कोसळल्यावरही पश्चिम युरोपात चर्च, विद्यापीठे आणि कायदा यांचा व्यवहार हजारभर वर्षे तिच्यातच चालला. नवशिक्यांना सहसा शिकवतात ती इ.स.पू. पहिल्या शतकातली, रोमन सेनानी सीझर आणि वक्ता सिसेरो यांच्या गद्यातली लॅटिन. वाक्यात कोणाचे कोणाशी काय नाते आहे, हे तिच्यात शब्दाच्या जागेवरून नव्हे, शेवटावरून कळते. ज्याने शाळेत संस्कृतची रूपे पाठ केली आहेत, त्याने लॅटिनकडे इंग्रजीच्या वळणाने जाण्यापेक्षा सरळ विभक्तीच्या वाटेने जावे.

नामाला तीन लिंगे आणि दोन वचने असतात, द्विवचन नाही. विभक्ती सहा : नॉमिनेटिव्ह (कर्ता), अ‍ॅक्युझेटिव्ह (कर्म), जेनिटिव्ह (संबंध), डेटिव्ह (संप्रदान), अ‍ॅब्लेटिव्ह आणि व्होकेटिव्ह (संबोधन). ‘मगिस्तेर पुएरो लिब्रुम दत्’ म्हणजे ‘शिक्षक मुलाला पुस्तक देतो’. हे चार शब्द कसेही फिरवले तरी देणारा शिक्षकच राहतो. बदलतो तो फक्त भर. मराठी विद्यार्थी अडखळतो तो ‘लिब्रुम’पाशी. आपण ‘पुस्तक देतो’ म्हणताना निर्जीव कर्माला प्रत्यय लावत नाही. लॅटिनमध्ये मात्र ‘लिबेर’ या पुंलिंगी नामाचे कर्म झाले की ‘लिब्रुम’ म्हणावेच लागते. नपुंसकलिंगी नामाचा कर्ता आणि कर्म मात्र दिसायला सारखेच, अगदी संस्कृतातल्या ‘वनम्’प्रमाणे.

अ‍ॅब्लेटिव्हवर जरा जास्त वेळ घालवावा. संस्कृतातली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी या एकाच विभक्तीत मिसळून गेली आहे. म्हणून तिचा अर्थ ‘तलवारीने’, ‘शहरातून’ किंवा ‘शहरात’ यांपैकी काहीही असू शकतो, आणि तो नेमका कोणता हे बहुधा सोबतचे शब्दयोगी अव्यय सांगते. जुन्या सप्तमीचे अवशेष गावांच्या नावांत आणि ‘दोमी’ (घरी) अशा मोजक्या शब्दांत उरले आहेत. संस्कृतातल्या सतिसप्तमीचे कामही इथे अ‍ॅब्लेटिव्हच करते : ‘उर्बे काप्ता’, म्हणजे ‘शहर जिंकल्यावर’.

नामांचे पाच गण आहेत आणि गण ओळखायचा तो जेनिटिव्हच्या एकवचनावरून. म्हणूनच शब्दकोशात नामाची दोन रूपे देतात : ‘रेक्स, रेगिस’ (राजा, राजाचा). दुसरे रूप टाळून नुसते पहिले पाठ करणे ही हमखास महागात पडणारी सवय, कारण बाकीची रूपे ‘रेग्’ या अंगापासून होतात आणि ते ‘रेक्स’मध्ये दिसत नाही. शिवाय एकाच रूपाला अनेक अर्थ असतात. ‘पुएल्लाइ’ म्हणजे ‘मुलीचे’, ‘मुलीला’ किंवा अनेकवचनी ‘मुली’. ‘पुएल्लाइ लिब्रुम दत्’ म्हणजे कोणीतरी मुलीला पुस्तक देतो. ‘पुएल्लाइ लिब्रुम दन्त्’ म्हणजे मुली पुस्तक देतात. सगळा निकाल क्रियापदातल्या एका न् वर. म्हणून लॅटिन वाक्य वाचताना आधी क्रियापद शोधावे. ते बहुधा शेवटी असते, आणि ही सवय मराठी वाचकाला आयती असते.

क्रियापदांचे गण चार, काळ सहा, अर्थ तीन (निर्देश, संभावना, आज्ञा) आणि प्रयोग दोन. पुरुष व वचन प्रत्ययातच असल्याने सर्वनाम सहसा गाळतात. ‘असणे’ची रूपे तर ओळखीचीच वाटतील : सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. शेजारी अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति ठेवून पाहावीत. असल्याच साम्यांवरून संस्कृतचे अभ्यासक, न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे मांडले.

भूतकाळात मात्र मराठीची सवय आडवी येते. ‘मुलीने पुस्तक वाचले’ यात आपले क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. लॅटिनमध्ये ‘पुएल्ला लिब्रुम लेगित’ : कर्ता प्रथमेतच आणि क्रियापद त्याच्याशीच बांधलेले. ‘ने’ला भुलून अ‍ॅब्लेटिव्ह लावू नये. या ‘लेगित’मधला ए दीर्घ उच्चारला तर ‘वाचले’, ऱ्हस्व उच्चारला तर ‘वाचते’. देवनागरी ‘मलुम’ (वाईट) आणि ‘मालुम’ (सफरचंद) यांतला फरक दाखवते, पण ए आणि ओ यांच्या बाबतीत ती अपुरी पडते. पाठ्यपुस्तके रोमन लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात; ती पहिल्या दिवसापासून लिहावी.

या व्याकरणाची परंपरा खुद्द रोमनांची. चौथ्या शतकात डोनाटसने शब्दांच्या आठ जाती प्रश्नोत्तररूपाने सांगणारे छोटे पुस्तक लिहिले आणि मध्ययुगात तेच मुलांचे पहिले व्याकरण ठरले. सहाव्या शतकाच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिशियनने सविस्तर ग्रंथ रचला. मराठी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणातून आल्या आणि त्यांचे मूळ याच परंपरेत आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन संस्कृत ग्रंथात, जाती चारच आहेत. लॅटिन व्याकरणाचा साचा गोव्यातही आला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी व्याकरण 1640 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, रायतूर येथे छापले गेले.

रूपे बसली की बहुतेक विद्यार्थी सीझरच्या गॉल-युद्धाच्या (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) वृत्तान्ताकडे वळतात. त्याचा शब्दसंग्रह आटोपशीर आहे. ‘गाल्लिया एस्त ओम्निस दीवीसा इन पार्तेस त्रेस’ (सारा गॉल तीन भागांत विभागलेला आहे) हे त्याचे पहिलेच वाक्य. ‘दीवीसा’ स्त्रीलिंगी आहे, कारण ‘गाल्लिया’ स्त्रीलिंगी. ‘इन’ हे अव्यय आत असणे दाखवताना अ‍ॅब्लेटिव्ह घेते, आत जाणे दाखवताना अ‍ॅक्युझेटिव्ह. इथे अखंड प्रदेशाचे तीन भाग होतात, म्हणून ‘पार्तेस’ अ‍ॅक्युझेटिव्हमध्ये.