ताओवाद कुणी सुरू केला?

ताओवादाचा जनक म्हणून लाओत्सेचं नाव घेतलं जातं. त्याचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चरित्र चीनच्या हान दरबारातला इतिहासकार सिमा छियन याने इ.स.पू. 100 च्या सुमारास लिहिलं. ते लिहिताना त्याची चांगलीच पंचाईत झालेली दिसते. आधी तो सांगतो की लाओत्से छू राज्यातला, नाव ली अर, नोकरी चौ राजांच्या दप्तरखान्यात. कन्फ्यूशियस त्याला भेटायला गेला आणि चार खडे बोल ऐकून परतला. पुढे चौ घराण्याची उतरती कळा पाहून म्हातारा पश्चिमेला निघाला, तेव्हा घाटातल्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याने काहीतरी लिहून द्या म्हणून गळ घातली, आणि पाच हजार चिन्हांचा ग्रंथ, म्हणजे 'ताओ ते चिंग', मागे राहिला. इथवर गोष्ट सरळ आहे. पण लगेच सिमा छियन आणखी एक माणूस पुढे करतो, मग कन्फ्यूशियसच्या मृत्यूनंतर 129 वर्षांनी उगवणारा तिसरा. लाओत्से 160 वर्षं जगला असं कुणी म्हणतात, कुणी 200 हून अधिक. यातलं खरं काय ते जगाला ठाऊक नाही, असं सांगून तो मोकळा होतो. नंतरच्या भाविक चरित्रकारांपेक्षा मला हा प्रामाणिक गोंधळ जास्त विश्वासाचा वाटतो.

ज्या काळात हे विचार आकाराला आले तो चीनमध्ये 'लढत्या राज्यांचा काळ' म्हणून ओळखला जातो: साधारण इ.स.पू. 475 ते 221. चौ राजा नावापुरता उरला होता आणि मोठी राज्यं एकमेकांना गिळायला बसली होती. प्रत्येक दरबाराला सल्लागार हवे होते. कन्फ्यूशियसचे अनुयायी म्हणत, विधी आणि नीती सावरा, राज्य सावरेल. उलट बाजूला असेही लोक होते ज्यांना हा सावरण्याचा उद्योगच रोगाचं मूळ वाटायचा. त्यांतला यांग चू एका केसापायी बदनाम झाला: जगाचं भलं होणार असलं तरी हा स्वतःचा एक केस उपटणार नाही, असं कन्फ्यूशियसपंथी विचारवंत मेन्शियसने त्याच्याबद्दल लिहून ठेवलं. मेन्शियस त्याचा कट्टर विरोधक, तेव्हा हे वाक्य जपूनच घ्यावं.

पूर्वेकडच्या छी राज्याची राजधानी लिन्झी. तिच्या वेशीजवळ राजाने विद्वानांना घरं आणि तनखे देऊन वसवलं होतं. तिथल्या वातावरणाशी जोडल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात 'नेइये' नावाचा छोटा पद्यमय मजकूर आहे. ताठ बसा, श्वास सम ठेवा, मन रिकामं करा, मग ताओ (विश्वाचा मूळ 'मार्ग') आपसूक वस्तीला येईल, असा त्याचा एकंदर सूर. त्यात लाओत्सेचं नावही नाही. साधना आधीपासून होती, गुरू आणि ग्रंथ तिच्याशी नंतर जोडले गेले, असं मानायला इथे चांगला आधार मिळतो.

खरा धक्का जमिनीखालून आला. 1993 मध्ये हुपे प्रांतातल्या ग्वोत्येन गावाजवळ एक कबर उघडली. काळ इ.स.पू. 300 च्या आसपास. आत बांबूच्या पट्ट्यांवर 'ताओ ते चिंग'मधला मजकूर होता, पण आजच्या ग्रंथाच्या जेमतेम दोन पंचमांश, तीन वेगळ्या जुड्यांमध्ये आणि वेगळ्याच क्रमाने. आजच्या एकोणिसाव्या प्रकरणात कन्फ्यूशियसपंथीयांच्या लाडक्या करुणेला आणि सदाचाराला रजा द्या असं सरळ सांगितलंय. या पट्ट्यांवर तो टोला नाही. शिवाय त्याच कबरीत कन्फ्यूशियसच्या परंपरेतले मजकूरही निघाले. ज्याच्यासोबत हे पुरलं गेलं त्याला दोन्ही वाचताना काही अडचण येत नसावी. भांडण बहुधा नंतर पेटलं.

त्याआधी 1973 मध्ये हूनान प्रांतातल्या मावांगत्वीच्या तिसऱ्या कबरीत याच ग्रंथाच्या दोन प्रती रेशमावर लिहिलेल्या सापडल्या होत्या. कबर बंद झाली इ.स.पू. 168 मध्ये. दोन्ही प्रतींत 'ते' (गुण, सामर्थ्य) हा भाग आधी आणि 'ताओ' नंतर, म्हणजे आजच्या उलट. एका प्रतीत 'पांग' (देश) हे चिन्ह बिनधास्त वापरलंय. दुसरीत ते टाळून समानार्थी 'ग्वो' घातलंय. कारण हान घराण्याचा संस्थापक ल्यू पांग, आणि सम्राटाचं नाव लिहिणं निषिद्ध. एवढ्या एका चिन्हावरून कोणती प्रत आधीची, ते अभ्यासकांना ठरवता आलं.

ताओवादाचा दुसरा मोठा विचारवंत च्वांगत्से, त्याचा मामला निराळा. हा सुंग राज्यातला, इ.स.पू. चौथ्या शतकातला, लाखेच्या झाडांच्या बागेवरचा किरकोळ अंमलदार. त्याच्या नावावरच्या ग्रंथाची आज 33 प्रकरणं आहेत, त्यांतली पहिली सात बहुतेक अभ्यासक त्याची मानतात. उरलेली शिष्यांची आणि इतरांची. त्या उरलेल्यांतच एक सुतार भेटतो. राजा ग्रंथ वाचत बसलेला पाहून तो म्हणतो, महाराज, हा तर मेलेल्या माणसांचा चोथा. राजा खवळतो. सुतार सांगतो: चाक घडवताना हात सैल पडला तर सांधा ढिला होतो, जोर जास्त झाला तर बसतच नाही. ते नेमकेपण हातात असतं, तोंडाने सांगता येत नाही. ते मुलाला शिकवता आलं नाही, म्हणून सत्तरीतही चाकं मीच करतो. याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात तेव्हाच्या विचारवंतांची यादी आहे, आणि तिथे लाओत्से व च्वांगत्से दोन वेगळ्या गटांत बसवलेत.

मग दोघांना एका छताखाली आणलं कुणी? 'ताओ-च्या', म्हणजे ताओचा संप्रदाय, हे वर्गीकरण सिमा थानचं. हा सिमा छियनचा बाप, मृत्यू इ.स.पू. 110. त्याने जुन्या विचारांचे सहा गट पाडले आणि ताओवाल्यांना वरचं स्थान दिलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे होता तो 'ह्वांग-लाओ' विचार: पौराणिक पीतसम्राट आणि लाओत्से यांच्या नावाने चालणारी राजनीती. कर हलके, कायदे मोजके, राजाने लुडबूड कमी करावी. लढायांनी पिचलेल्या देशाला हे मानवलं. राजमाता तौ तर इतकी कडवी की लाओत्सेच्या ग्रंथाला नोकरचाकरांची बडबड म्हणणाऱ्या कन्फ्यूशियसपंथी पंडिताला तिने रानडुकराशी झुंजायला कोंडवाड्यात उतरवलं. सम्राटाने हळूच धारदार हत्यार पुरवलं म्हणून तो वाचला. ती इ.स.पू. 135 मध्ये वारली. त्याच्या आदल्याच वर्षी सम्राट वूने कन्फ्यूशियस परंपरेच्या पाच ग्रंथांसाठी दरबारी अध्यापक नेमले होते. ह्वांग-लाओचे दरबारातले दिवस सरले.

देवळं, पुरोहित, दीक्षा असलेला धर्म याहून बराच नंतरचा. इ.स. 165 मध्ये सम्राट ह्वानने लाओत्सेला यज्ञबली अर्पण केले, तोवर दप्तरखान्यातला म्हातारा देव झालेला होता. परंपरेनुसार 142 मध्ये सिच्वानच्या डोंगरात या देवानेच चांग ताओलिंगला दर्शन दिलं. त्याच्या पंथात आलेल्यांनी पाच मापं तांदूळ द्यायचे, म्हणून विरोधकांनी त्याला 'तांदूळवाले' असं हिणवलं. पंथाची 24 केंद्रं होती. आजारपण हे पापाचं फळ मानून कबुलीजबाब लिहून घेतले जात. पूर्वेकडे चांग च्युएच्या पीतपगडीवाल्यांनी 184 मध्ये बंड केलं आणि ते रक्तात बुडालं. सिच्वानवाले मात्र टिकले. ताओलिंगचा नातू चांग लू याने 215 मध्ये सेनापती त्साओ त्साओपुढे शस्त्रं ठेवली, बदल्यात सरदारकी मिळवली, आणि त्याच्या अनुयायांना उत्तरेत नेऊन वसवण्यात आलं. पंथ देशभर पसरला तो या सक्तीच्या स्थलांतरामुळे.