शेअर ड्राइव्हवरची फाइल उघडत नाही? परमिशनचा अर्ज असा करा

हळदीची आवक आणि मार्चअखेर, दोन्ही एकदमच येतात. नेमक्या त्याच आठवड्यात कुणाच्या तरी स्क्रीनवर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ येतं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची (माल विक्रीच्या हिशेबाची) फाइल अडकून बसते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका ऑफिसात मी हिशेब बघते. परमिशनचे अर्जही माझ्याच टेबलावरून आयटीकडे जातात. बरेच अर्ज परत येतात, कारण त्यात नको ते असतं आणि हवं ते नसतं.

आधी अडचण परमिशनचीच आहे का ते बघा. एक्सेल ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ म्हणत असेल तर ती फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलेली आहे, त्यांना बंद करायला सांगा. ‘नेटवर्क पाथ’ सापडत नसेल तर केबल, वायफाय किंवा सर्व्हर बघावा लागेल. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, असं असेल तर बहुतेक तुम्हाला फक्त वाचायची परवानगी आहे. मग अर्जात ‘मॉडिफाय’, म्हणजे बदल करायची परवानगी मागा. ‘फुल कंट्रोल’ मागू नका, त्यात दुसऱ्यांच्या परमिशन बदलायचा अधिकारही येतो आणि रोजच्या कामाला तो लागत नाही.

अर्ज कोण करू शकतं? ज्याचं स्वतःचं लॉगिन आहे आणि ज्याच्या कामाला तो फोल्डर लागतो, तो कुणीही. कंत्राटी माणूस किंवा शिकाऊ उमेदवार असेल तर शेवटची तारीख लिहायचीच. मंजुरी मात्र फोल्डर ज्या विभागाचा, त्या विभागप्रमुखाची लागते. आपल्या साहेबांची सही घेऊन लोक येतात आणि तिथेच आठवडा जातो.

कागद थोडेच लागतात: भरलेला अर्ज, विभागप्रमुखाची सही किंवा मेल, नवीन टेबल मिळालं असेल तर त्या आदेशाची प्रत, आणि एररचा फोटो. फोटोत पूर्ण मेसेज दिसला पाहिजे. सवयीने आधारची झेरॉक्स जोडणारे फार आहेत. ती लागत नाही, जोडू नका. लॉगिनचं नाव आणि कॉम्प्युटरचं नाव लिहा, पासवर्ड कधीही लिहू नका.

सगळ्यात जास्त चुका फोल्डरच्या पत्त्यात होतात. ‘झेड ड्राइव्हमधला हळद फोल्डर’ एवढ्यावर काही कळत नाही, कारण तुमचा झेड तो शेजारच्या टेबलावर वाय असू शकतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) इंग्रजीत ‘नेट यूज’ टाइप केलं की अक्षरासमोर सर्व्हरचं आणि शेअरचं नाव येतं. ते जसंच्या तसं उतरवा आणि पुढे आतल्या फोल्डरची नावं लिहा.

गेल्या मार्चमध्ये मी स्वतः एक शीट साहेबांच्या फोल्डरमधून ओढून कॉमन फोल्डरमध्ये टाकली. मला उघडत होती, शेजारच्या ताईंना उघडेना. बाकी सगळ्या फाइली त्यांना उघडत होत्या. एकाच डिस्कवर फाइल हलवली की ती बहुतेकदा जुन्या परमिशन सोबत घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या लागतात. मी कॉपी करून मूळ फाइल काढून टाकली आणि काम झालं, अर्ज करावाच लागला नाही. एकच फाइल अडत असेल तर आधी हे करून बघा.

मंजुरी आली की आयटीवाले तुमचं नाव त्या फोल्डरची परवानगी असलेल्यांच्या यादीत, म्हणजे ग्रुपमध्ये घालतात. तरीही लगेच फोल्डर उघडत नाही, आणि तिथे लोक भांडायला जातात. तुम्ही कुठल्या ग्रुपमध्ये आहात ते विंडोज लॉगिनच्या वेळी बघतं, म्हणून विंडोजमधून पूर्ण लॉगआउट करून पुन्हा आत या. स्क्रीन नुसती लॉक करून भागत नाही. कुणाचा जुना पासवर्ड त्या मशीनवर सेव्ह असेल तर विंडोज सेव्ह केलेले पासवर्ड जिथे ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तोही काढा.

एवढं करूनही उघडलं नाही तर त्याच अर्जाचा क्रमांक देऊन शेअरच्या (नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठीच्या) आणि सिक्युरिटीच्या (फोल्डरवरच लावलेल्या), दोन्ही परमिशन तपासायला सांगा. नेटवर्कवरून जाताना दोन्हींपैकी जी कडक, तीच लागू होते. एक दिली आणि दुसरी राहिली, असं नेहमी होतं. शिवाय एखाद्या ग्रुपवर ‘डिनाय’, म्हणजे मनाई लावलेली असेल आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये असाल, तर दुसरीकडून मिळालेली परवानगी सहसा चालत नाही. सिक्युरिटीच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब असतो. तिथे तुमचं नाव टाकून बघायला सांगा, कुठे अडलंय ते त्यांना लगेच दिसेल.