घरचा ओला कचरा आणि नाडेप टाकी : रोजगार हमीतून अर्ज कसा करायचा

भाजीचे देठ, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, वाळलेली भाकर. जे गुरं-शेळ्या खातात ते आधी त्यांनाच द्यावं. बाकीचं बहुतेक घरांतून उकंड्यावर जातं, तिथे उन्हाने वाळतं आणि पावसात कस वाहून जातो. हाच कचरा काडीकचऱ्यासोबत झाकून कुजवायची नाडेप पद्धत विदर्भातलीच, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची. टाकी बांधायला राज्याच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत (शासन निर्णय ३ फेब्रुवारी २०२१) ‘भूसंजीवनी नाडेप कंपोस्टिंग’ हे वैयक्तिक काम आहे. निर्णयात त्यासाठी १०,५३७ रुपये धरले होते. चालू दर पंचायत समितीत विचारून घ्यावा.

ही रक्कम एकरकमी हातात पडत नाही. हे रोजगार हमीचं काम असल्यामुळे मजुरी मस्टरवरून (हजेरीपटावरून) मजुरांच्या खात्यात जाते आणि विटा-सिमेंटचे पैसे बिलावरून निघतात. हे आधीच समजून घेतलं तर पुढचे अर्धे हेलपाटे वाचतात.

कोणाला मिळतं

कुटुंबाचं जॉबकार्ड हवं आणि घरातल्या निदान एका माणसाने या कामावर मजुरी करायची तयारी हवी. प्राधान्य अनुसूचित जाती-जमाती, भटक्या व विमुक्त जमाती, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, महिला किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख, घरकुलाचे आणि वनहक्काचे लाभार्थी यांना. त्यानंतर पाच एकरांपर्यंतचे अल्प व अत्यल्प भूधारक.

कागदपत्रं

ग्रामपंचायतीत मिळणारा अर्ज, जॉबकार्ड, आधार, बँक पासबुक, प्रवर्गाचा दाखला. टाकी वावरात बांधायची असेल तर सातबारा आणि आठ-अ. घराच्या आवारात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घराचा उतारा). सातबारा सामाईक असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र आधीच लिहून घ्या.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. जॉबकार्डावर ‘शांताबाई’ आणि आधारवर ‘शांता’ असलं तरी मजुरी अडकते. खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे बँकेत जाऊन पाहावं, कारण मजुरी आधारवरूनच जमा होते.

अर्जाचा प्रवास

अर्ज ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा रोजगार सेवकाकडे द्या आणि पोच घ्या. नाव ग्रामसभेच्या ठरावात आलं पाहिजे, म्हणून १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेआधी अर्ज गेलेला बरा. पुढे तांत्रिक सहायक जागा पाहून अंदाजपत्रक करतो, पंचायत समितीतून मंजुरी येते, मग कार्यारंभ आदेश निघतो. काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि झाल्यावर असे तीन वेळा जागेचे फोटो घेतले जातात. आदेशाआधी एकही वीट लावू नका. पहिला फोटो रिकाम्या जागेचा लागतो. आदेशाआधीच बांधून झालेल्या टाकीचं बिल निघत नाही. विटांची पावती पक्की घ्या.

बांधणी

आतलं माप १२ फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत ९ इंची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत चिरते, म्हणून तळाशी मुरूम ठोकून घ्या. जुडाई मातीत चालते, फक्त वरचा थर सिमेंटचा. चारही भिंतींत ७ इंची छिद्रं ठेवायची, हवा तिथूनच जाते. प्लास्टर करताना गवंडी ती बुजवतो; मग आतला माल कुजण्याऐवजी सडतो आणि वास सुटतो.

भरणी, आणि इथेच बहुतेक जण चुकतात

नाडेप ही रोज कचरा टाकायची कुंडी नाही. ती एक-दोन दिवसांत पूर्ण भरावी लागते. त्यासाठी साधारण १४०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं. स्वयंपाकघरातून रोज किलोभर निघतं असं धरलं तर दोन महिन्यांत साठ किलो होतात. म्हणून ते झाकणाच्या जुन्या पिंपात साठवा, दर वेळी वर ओंजळभर कोरडी माती टाकून. मातीने पाणी शोषलं की माशा बसत नाहीत. मटण-मासळीची हाडं, तेलकट-खारट उरलेलं, प्लास्टिकच्या पुड्या पिंपात नकोत.

भरणीच्या दिवशी भिंती शेणपाण्याने ओल्या करा. मग सहा इंच कुटार (पिकाचा भुसा) व पालापाचोळा, त्यात पिंपातला कचरा पसरून. वर ४ ते ५ किलो शेण सव्वाशे लिटर पाण्यात कालवून शिंपडा. वर ५० ते ६० किलो माती. असे अकरा-बारा थर, टाकीच्या वर दीड फूट शीग येईपर्यंत. शेवटी तीन इंच माती आणि शेणाचा लेप. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) घालायची तर बोटभर तुकडे करून आणि थोडीच. अख्खी काडी चार महिन्यांत कुजत नाही. पंधरा-वीस दिवसांनी माल आठ-नऊ इंच बसतो, तेव्हा दोन-तीन थर वाढवून पुन्हा लिंपा.

डिसेंबर-जानेवारीत भरलेली टाकी सगळ्यात सोयीची. सोयाबीनचं कुटार हाताशी असतं, विहिरीला पाणी असतं आणि ९० ते १२० दिवसांत, पेरणीआधी, खत तयार होतं. एप्रिलच्या उन्हात लेपाला भेगा पडतात. त्या दिसताच शेणपाण्याने लिंपा, नाहीतर आतली ओल उडून कुजणं थांबतं. खत तपकिरी, भुसभुशीत आणि बिनवासाचं झालं की चाळून घ्या. चाळणीवर उरलेला जाडाभरडा माल पुढच्या भरणीत तळाशी घालायचा.